गावरान टोमॅटोचे मूळ गाव कोणते?



वसंतातील व्याख्यानांना येणारे श्रोते संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय ऐकण्याच्या अपेक्षेने येतात. त्यांच्यापुढे टोमॅटोसारखी रोजच्या भाजीच्या पिशवीतली वस्तू मांडावी, हे काहींना विनोदाचे वाटेल. परंतु जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तरी टोमॅटोला क्षुल्लक म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. २०२३ च्या जुलै महिन्यात नारायणगावच्या उपबाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या पुढे भाव मिळाल्याचे आपण पाहिले आहे. त्याआधी दोनच वर्षे, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, किलोला दोन-तीन रुपये मिळाले म्हणून राज्यातील शेतकऱ्यांनी हाच माल रस्त्यावर ओतला, हेही आपण विसरलेलो नाही. या भागात कित्येक घरांचे लग्न, घराचा स्लॅब आणि सोसायटीचा हप्ता टोमॅटोच्या भावावर ठरतो.

तथापि आमचा आजचा प्रश्न भावाचा नाही. तो कुळाचा आहे. शहरातल्या मंडईत अलीकडे ‘गावरान टोमॅटो’ अशी पाटी दिसते, आणि त्या एका शब्दासाठी गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजते. बियाण्याच्या लहान लहान पुड्यांवर ‘देशी’, ‘पारंपरिक’, ‘शंभर वर्षांपूर्वीचे वाण’ असे छापलेले असते. हे शब्द खरे कधी मानावेत आणि खोटे कधी? टोमॅटोच्या जुन्या वाणाचे खरे मूळ शोधायचे तर ते कसे शोधावे?

आपल्याकडे म्हण आहे की ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये. ऋषींचे आम्हांस ठाऊक नाही. पण कुकडीचे मूळ पूरच्या कुकडेश्वरापाशी आहे हे जुन्नरचे लहान मूलही सांगेल, आणि त्यामुळे कुकडीची थोरवी काही कमी झालेली नाही. मूळ कळल्याने वस्तू लहान होत नाही. उलट तिच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या खोट्या गोष्टी मात्र गळून पडतात.

प्रथम आपण ज्याला गावरान म्हणतो तो टोमॅटो डोळ्यांपुढे आणू. तो चपटा असतो, अंगावर भोपळ्यासारख्या उभ्या वळ्या असतात, साल पातळ असते, रस भरपूर आणि आंबटपणा नीट कळेल असा असतो. त्याचे सार चांगले होते, पण तो क्रेटमध्ये घालून दिल्लीला पाठवला तर वाटेतच त्याचे सार होईल. याच्या उलट, नारायणगावच्या बाजारात येणारा बहुतेक माल हा संकरित वाणांचा असतो: अंड्यासारखा किंवा गोल, जाड सालीचा, टणक, चार दिवस प्रवास सोसणारा. दोहोंतला फरक डोळ्यांना दिसतो. परंतु डोळ्यांना दिसणारा फरक म्हणजे वंशावळ नव्हे.

टोमॅटोची जन्मभूमी कोणती याविषयी आज वाद उरलेला नाही. त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठावर, पेरू आणि इक्वादोर या देशांत, अजूनही उगवतात. त्यांची फळे करवंदाएवढी. तेथून हे झाड उत्तरेकडे मेक्सिकोत गेले आणि तेथल्या शेतकऱ्यांनी त्याचे फळ मोठे केले. त्यांच्या नाहुआत्ल भाषेतील ‘तोमात्ल’ या शब्दापासून आपला टोमॅटो हा शब्द निघाला आहे. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी मेक्सिकोची राजधानी घेतली आणि पुढे हे बी समुद्र ओलांडून गेले. १५४४ साली इटलीतील मात्तिओली या वैद्याने त्याचे वर्णन केले आणि पुढे त्याला ‘सोन्याचे फळ’ अशा अर्थाचे नाव दिले. परंतु लोकांना त्याची धास्तीच वाटे. कारण हे झाड वांग्याच्या कुळातले, आणि त्याच कुळात धोत्राही आहे. ज्या इटलीचे टोमॅटोशिवाय आज पान हलत नाही, त्या इटलीत टोमॅटोच्या रश्शाची कृती छापून यायला १६९२ हे वर्ष उजाडावे लागले.

म्हणजे टोमॅटो अमेरिकेचा. मग ‘गावरान टोमॅटो’ हा शब्दच वदतोव्याघात ठरत नाही काय? असे घाईने म्हणण्यापूर्वी आपण आपल्या एकादशीच्या ताटाकडे पाहू. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच. शेंगदाणा, रताळे, राजगिरा, हिरवी मिरची, सगळे तिकडचे. विठोबाच्या उपवासाला आपण जे खातो त्यात मीठ, तूप, दही, वरई आणि जिरे सोडले तर उरते ते बहुतेक अमेरिकेचे. सीताफळाला तर आपण सीतामाईचे नाव दिले आणि त्याच्या भावाला रामाचे. पण दोन्ही झाडे अमेरिकेतून आली. साताऱ्याकडील कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो घेवडाही जातीने अमेरिकनच. म्हणून त्याचे मानांकन खोटे ठरत नाही. जात जन्मली एका खंडात. पण त्या जातीतला विशिष्ट वाण घडला तो कोरेगावच्या मातीत, तेथल्या पावसात आणि तेथल्या बायकांच्या निवडीत.

येथे आपल्या विषयाची किल्ली आहे. जातीचे मूळ आणि वाणाचे मूळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टोमॅटो या जातीला गावरान म्हणता येणार नाही. परंतु एखादे बी कुणी पन्नास-साठ वर्षे आपल्या परसात दरसाल धरले असेल, त्यातले बरे ते ठेवून वाईट ते टाकले असेल, तर तो वाण त्या परसाचा झाला. त्याला गावरान म्हणण्यास आमची हरकत नाही. मात्र असे खरोखर घडले आहे, याची साक्ष हवी. ही साक्ष कुठे मिळते? आमच्या मते साक्षीदार चार आहेत: शब्द, कागद, झाड आणि माणूस.

पहिला साक्षीदार शब्द. बटाटा हा शब्द पोर्तुगीज आहे, हे सर्वश्रुत आहे. उत्तरेत त्याला आलू म्हणतात. पश्चिम किनाऱ्यालगत बटाटा म्हणतात, कारण या किनाऱ्यावर पोर्तुगीज होते. टोमॅटोला पोर्तुगीज भाषेत ‘तोमाते’ म्हणतात. आपण मात्र शेवटी ओकार लावून ‘टोमॅटो’ म्हणतो, आणि तो ओकार इंग्रजीचा आहे. बंगालीत त्याला विलायती वांगे अशा अर्थाचे ‘बिलाती बेगुन’ हे नाव आहे. त्यातही गोऱ्या साहेबाची सावली दिसते. विदर्भात मात्र भेदरे म्हणतात आणि छत्तीसगडात पताल. यावरून दिसते ते असे की हे फळ देशात एका वाटेने आणि एका वेळी पसरले नाही. तथापि शब्दाच्या साक्षीवर फार भार टाकू नये, कारण शब्द फसवतात. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेच्या वाणांना ‘पुसा’ हे नाव लागते. ही संस्था १९०५ साली बिहारमधील पुसा या गावी स्थापन झाली, १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ मध्ये दिल्लीस हलली, आणि नाव बरोबर घेऊन गेली. पण तिला देणगी देणारे फिप्स नावाचे गृहस्थ अमेरिकेचे होते, म्हणून ‘फिप्स, यू. एस. ए.’ यांवरून पुसा झाले अशी कथा आजही मोठे मोठे लोक सांगतात. वास्तविक गावाचे नाव फिप्स यांच्या देणगीच्या कितीतरी आधीपासून पुसाच होते.

दुसरा साक्षीदार कागद. जॉर्ज वॅट यांनी १८८९ ते १८९३ या काळात हिंदुस्थानातील उपयुक्त वनस्पतींचा मोठा कोश प्रसिद्ध केला. त्यात टोमॅटोची नोंद आहे. तिचा मथितार्थ असा की हे पीक मुख्यतः युरोपियनांसाठी लावले जाते, पण एतद्देशीय लोकांनाही ते आवडू लागले आहे, आणि बंगाली व ब्रह्मी लोक ते आंबट कालवणात घालतात. म्हणजे अवघ्या सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी टोमॅटो हा प्रामुख्याने साहेबाच्या बंगल्यातला होता. आपल्या आज्या-पणज्यांच्या स्वयंपाकात आंबटपणासाठी चिंच होती, आमसूल होते, कैरी होती, ताक होते. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात आजही टोमॅटो चालत नाही. तेव्हा कुणी ‘पेशवाईपासूनचा टोमॅटो’ म्हणून बी विकू लागला, तर त्याला आपण नम्रपणे कागद मागावा.

जुन्नरच्या बाबतीत तर कथा रचण्याचा मोह फार मोठा आहे. नाणेघाट येथे आहे, सातवाहनांच्या काळचा व्यापारी मार्ग येथे आहे, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही आहे. निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर, आणि निजामशाहीचे चौलच्या पोर्तुगीजांशी कधी युद्ध तर कधी तह. एवढे सगळे हाताशी असताना पोर्तुगीजांचे गलबत चौलला लागले, बी बैलाच्या पाठीवरून नाणेघाट चढले आणि शिवनेरीच्या पायथ्याशी रुजले, असे म्हणायला कितीसा वेळ लागतो? कथा सुंदर आहे. पण शक्य आहे ते घडलेच, असे इतिहासात म्हणता येत नाही. नाणेघाटाच्या रांजणात जकात पडत असेल. टोमॅटोचे बी त्यात पडले असे म्हणायला आधार लागतो.

याच तालुक्याशी संबंध असलेला खरा कागद मात्र दुर्लक्षित राहतो. पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ साली सरकारी वनस्पती-उद्यान सुरू झाले, आणि डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे प्रमुख असताना त्याची एक शाखा नारायणगावजवळच्या हिवरे येथे होती. हेच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. या बागांतून परदेशी झाडांची आणि औषधी वनस्पतींची लागवड होई. १८४७ ते १८५० च्या सुमारास एका हिंदी चित्रकाराने या बागांतील झाडांची अत्यंत सुबक चित्रे काढली. त्या चित्रकाराचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. चित्रे मात्र आज एडिंबरोच्या शाही वनस्पती-उद्यानात जपून ठेवलेली आहेत, आणि त्यांवर २००२ मध्ये ग्रंथही निघाला. हिवरे गावावरून आपण नेहमी जातो. पण तेथे एकोणिसाव्या शतकात परदेशी रोपांची चाचणी चालत होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आपल्या गावाच्या शेतीचा इतिहास लिहायचा तर तो नाणेघाटाच्या कल्पित बैलापासून न लिहिता अशा कागदांपासून लिहिला पाहिजे.

घराण्यात चालत आलेली कथा आणि कागद यांचा झगडा आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत जुन्या वाणांचा शोध घेण्याचा छंद फार वाढला आहे. तेथे ‘मॉर्गेज लिफ्टर’, म्हणजे ‘गहाण सोडवणारा’, असा एक टोमॅटो आहे. वेस्ट व्हर्जिनियातील बाइल्स नावाच्या मोटार-कारागिराने १९३० नंतरच्या मंदीत तो तयार केला, त्याची रोपे एकेक डॉलरला विकली आणि सहा हजार डॉलरांचे गहाण फेडले, अशी त्याची कथा. पण त्याच राज्यातील एस्टलर नावाच्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या घराण्यात त्याच नावाचा टोमॅटो आधीपासून असल्याचा दावा आहे. इटलीतील सॅन मार्झानो टोमॅटो १७७० साली पेरूच्या व्हाइसरॉयने नेपल्सच्या राजाला भेट दिला, असे सांगतात; लेखी उल्लेख मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचे आहेत. ‘ब्रँडीवाइन’ हा तर आमिश लोकांचा घरगुती वाण म्हणून प्रसिद्ध. पण त्या नावाचा टोमॅटो फिलाडेल्फियाच्या एका बियाणे-व्यापाऱ्याच्या १८८९ च्या सूचीपत्रात छापलेला आहे. आजीने दिलेले बी आजीला तिच्या तरुणपणी टपालाने आलेले असते, असा हा प्रकार!

यावरून आजी खोटी बोलत होती असे नव्हे. तिने बी जपले हे खरेच. ‘चेरोकी पर्पल’ नावाच्या टोमॅटोच्या बाबतीत १९९० साली टेनेसीतील एका गृहस्थाने क्रेग लहूलियर या संग्राहकाला बी पाठवले, आणि सोबतच्या पत्रात एवढेच लिहिले की हे बी शंभर वर्षांपूर्वी चेरोकी आदिवासींकडून मिळाल्याचे सांगतात. लहूलियर यांनी वाणाला नाव दिले, आणि ते नाव कोणत्या पत्रावरून दिले हेही जगाला सांगितले. सांगोवांगीला सांगोवांगी म्हणूनच पुढे पाठवणे, यात प्रामाणिकपणा आहे.

तिसरा साक्षीदार खुद्द झाड. आणि हा साक्षीदार फारसा फुटत नाही. टोमॅटोच्या जुन्या वाणांची झाडे वेलासारखी वाढतच राहतात. ठराविक उंचीला थांबणारे, झुडपासारखे बसके झाड हा गुण १९१४ साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात एका झाडात आपोआप उद्भवला आणि तेथून जगभर गेला. तेव्हा बसक्या झाडाचा टोमॅटो दाखवून कुणी तो पणजोबांच्या काळचा म्हणत असेल, तर पणजोबांना फ्लोरिडाशी पत्रव्यवहार ठेवावा लागला असता. दुसरी खूण फळाच्या खांद्यांवर असते. जुन्या वाणांचे कच्चे फळ देठापाशी गडद हिरवे असते. सगळे फळ एकसारखे फिके हिरवे राहून एकसारखे लाल होणे हा गुण विसाव्या शतकात व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी निवडला गेला. २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा गुण देणाऱ्या बदलामुळे फळातील हरितद्रव्य घडवणारे एक जनुक निकामी होते, आणि त्याबरोबर फळाची गोडीही काहीशी घटते. ‘पूर्वीसारखी चव राहिली नाही’ ही तक्रार केवळ म्हातारपणाची नाही, असा तिचा अर्थ.

तिसरी खूण सर्वांत सोपी आणि सर्वांत महत्त्वाची. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे शुद्ध वाणाचे बी पिढ्यान्‌पिढ्या आईसारखेच झाड देते. संकरित फळाचे बी पेरले तर मात्र मेंडेलने १८६६ मध्ये सांगितलेल्या नियमाप्रमाणे मुले विस्कळीत निघतात. एक गोल, एक लांबट, एक उंच, एक बुटके. ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण संकरित बियाण्यापुरती खोटी पडते. आता आपल्या भागात उकिरड्यावर, बांधावर, मोरीच्या पाण्यावर टोमॅटोची झाडे आपोआप उगवतात. त्यांची फळे बारीक, आंबट आणि वेडीवाकडी असतात, आणि लोक त्यांना गावरान म्हणतात. पुष्कळदा ती मागच्या हंगामात फेकलेल्या संकरित मालाची नातवंडे असतात. तेव्हा ज्याला खात्री करायची असेल त्याने एकाच फळाचे पन्नास बी एका वाफ्यात पेरावे. पन्नासही झाडे सारखी आली तर वाण स्थिर आहे. दहा तऱ्हा निघाल्या तर बी कालचे आहे. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही. एक वाफा आणि चार महिन्यांचा धीर पुरतो. अर्थात, वाण स्थिर आहे म्हणजे तो जुना आहे असे नव्हे. संशोधन केंद्रातील सुधारित वाणही स्थिरच असतात. झाड काय नाही ते खात्रीने सांगते. काय आहे ते सांगण्यास चौथा साक्षीदार लागतो.

त्या साक्षीदाराकडे वळण्यापूर्वी परक्या रक्ताविषयी थोडे बोलले पाहिजे. आपल्या सरकारी संस्थांनी काढलेले वाण घ्या. दिल्लीच्या संस्थेचा प्रसिद्ध ‘पुसा रूबी’ हा ‘सू’ नावाचा अमेरिकन वाण आणि ‘सुधारित मेरुती’ यांचा संकर. बंगलोरच्या संस्थेचा ‘अर्का विकास’ हा ‘टिप टॉप’ या अमेरिकन वाणातून निवडलेला. १९७३ साली बंगलोरच्याच एका कंपनीने संकरित टोमॅटो बाजारात आणला, आणि पुढे त्याच कंपनीचे वैशाली, रूपाली हे वाण महाराष्ट्रात घरोघर पोचले. आज बाजारात पाने आकसणाऱ्या विषाणूरोगाला, ज्याला शेतकरी लीफ कर्ल म्हणतात त्याला, तोंड देणारे जे संकर मिळतात, त्यांतील पुष्कळांत ती शक्ती चिली आणि पेरूकडील रानटी टोमॅटोतून घेतलेली आहे. चार्ल्स रिक या कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञाने आयुष्यभर अशी रानटी बियाणी गोळा केली. गालापागोस बेटांवरचा टोमॅटो काही केल्या उगवेना. तेव्हा त्याने ते बी तेथल्या राक्षसी कासवांना खाऊ घातले, आणि कासवाच्या पोटातून दोन-तीन आठवड्यांनी बाहेर पडलेले बी उगवले! ही हकिकत १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच बेटांवरच्या टोमॅटोतून देठाचा सांधा नसलेली फळे देणारा गुण मिळाला. २०१२ मध्ये टोमॅटोची संपूर्ण जनुकलिपी वाचून झाली, तेव्हा त्या कामात चौदा देशांचे शास्त्रज्ञ होते, आणि पाचव्या गुणसूत्राचे काम भारतीयांनी केले. सारांश, टोमॅटोत शुद्ध स्वदेशी रक्त शोधणे व्यर्थ आहे.

पण ‘सुधारित मेरुती’ या नावाकडे पुन्हा पाहा. मेरुती म्हणजे मेरठचा. मेरठच्या परिसरातील स्थानिक वाणाचे नाव संशोधकांनी नोंदवले, म्हणून पुसा रूबीच्या वंशावळीत मेरठ कायमचे राहिले. झाड परदेशी, पण मेरठच्या लोकांनी ते आपल्या हवेत टिकवले, याची ही पावती आहे. जुन्नर-आंबेगावच्या परसांतील वाणांना अशी पावती मिळायची असेल, तर कुणीतरी त्यांची नोंद केली पाहिजे.

म्हणून चौथा साक्षीदार, माणूस, हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत लवकर जाणारा. आपल्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकराच्या डोंगराच्या अंगाने, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. तेथे परसात वाल, घेवडा, भोपळा, काकडी यांचे बी घरच्या घरी धरण्याची रीत आहे. शेजारच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच बियाणी गोळा करून बीजबँक उभी केली, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. पण कोणते बी कुणाचे आणि ते कसे राखायचे, हे त्यांच्या तोंडी आहे. असे ज्ञान ज्यांच्याजवळ आहे त्या बाया-माणसांचे वय आज साठ-सत्तर आहे. डिंभे धरणात जुने आंबेगाव पाण्याखाली गेले, तेव्हा घरांचे, जमिनींचे पंचनामे झाले. परसातील वेलांचा पंचनामा कोण करणार? घर हलते तेव्हा भांडी बरोबर जातात. कोनाड्यातली बियाण्याची पुरचुंडी जाईलच असे नाही.

यात धोका काय, असे कुणी विचारील. धोके दोन. पहिला शेतकऱ्याला. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर भागात टोमॅटोवर विषाणूंचा मोठा हल्ला झाला. फळे ठिकठिकाणी पिवळी-पांढरी पडू लागली, आणि लोकांनी त्या रोगाला ‘तिरंगा’ म्हटले. एकाच तऱ्हेचे मोजके वाण हजारो एकरांवर असले म्हणजे येणारे संकट सर्वांवर एकदम येते. अशा वेळी निराळ्या गुणांचे जुने वाण हाताशी असणे ही पुढच्या संशोधनाची ठेव आहे. परंतु ज्याचे मूळ लिहिलेले नाही असे बी संशोधकाच्या फारसे कामाचे नाही. दुसरा धोका न्यायाला. २००१ च्या वाण-संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वाणाची नोंदणी त्यांच्या नावे करता येते, आणि तिला शुल्क नाही. त्याच कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी त्याच्या छापील नाममुद्रेने विकता येत नाही. आता खरा वाण राखणारी बाई वाडीत बसली आहे, आणि संकरित फळाचे बी पुडीत भरून ‘देशी’ म्हणून विकणारा शहरात बसला आहे. आपण पुराव्याचा आग्रह धरला नाही, तर नाव आणि पैसा दोन्ही दुसऱ्याकडे जातील. बियाण्याच्या व्यवहारात ‘सत्यप्रत’ असा एक सुंदर शब्द आहे. पिशवीवर लिहिले तेच आत असल्याची ती ग्वाही असते. आमची मागणी एवढीच की गावरान हा शब्दही सत्यप्रत असावा.

तेव्हा या सभेतून जाताना आपण काय करावे? गावात कुणाकडे टोमॅटोचे राखलेले बी असेल तर ते मागून घ्यावे. पण नुसते बी घेऊ नये. पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. बी कुणाकडून मिळाले; त्यांच्याकडे ते कुठून व केव्हा आले; झाड वेलासारखे वाढते की बसके राहते; कच्च्या फळाचे खांदे हिरवे असतात की नाही; आणि पेरल्यावर सगळी झाडे सारखी येतात काय. ‘सासूबाईंनी नारायणगावच्या आठवडे बाजारातून आणले’ असे उत्तर मिळाले तर तेच लिहावे. त्याचे ‘शिवकालीन’ करू नये. बी काढताना पूर्ण पिकलेले फळ घ्यावे, गर दोन दिवस भांड्यात आंबू द्यावा, वर तरंगेल ते टाकून तळाचे बी धुऊन सावलीत वाळवावे आणि चिठ्ठीसह कोरड्या बाटलीत ठेवावे. असे बी चार-पाच वर्षे उगवते. तोवर एकदा पेरून ताजे करावे. शाळांनी एकेक वाफा घेतला, तर मुलांना मेंडेलही कळेल आणि गावही कळेल. आणि आपल्यापैकी ज्यांना कचेऱ्यांतून, ग्रंथालयांतून वावरण्याची सवय आहे, त्यांनी हिवरे येथील बागेचे जुने कागद शोधावेत.

टोमॅटोचे मूळ गाव पेरूच्या डोंगरात आहे, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पाहुणा म्हणून आलेल्या या झाडाला ज्यांनी आपल्या परसात जागा दिली, पाणी घातले आणि दरसाल त्याचे बी राखले, त्यांची गावे मात्र आपल्याच तालुक्यांत आहेत. त्यांची नावे ती माणसे हयात आहेत तोवर लिहून ठेवावीत, एवढी विनंती.